हसकेल मास्तरांचं नाव

७८६
जेद्दा, १० नोव्हेंबर २०२५

चि. शौकत यास,
आपा ताजुन्निसाचे अनेक सलाम व दुआ. वि. वि.

इकडे सगळं खुशाल आहे, माझं ब्लडप्रेशर सोडून. ते तुझ्यामुळे वाढलं आहे. आपा फोन का उचलत नाही म्हणून तू निरोपावर निरोप ठेवतो आहेस. मुद्दाम उचलत नाही. मी एक वाक्य बोलले की तू सतरा बोलतोस, आणि शेवटी मीच बरं बरं म्हणून ठेवून देते. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही. तुमच्या टायरच्या गोदामाचा ट्रेलर घेऊन धोंडीराम रियाधहून दर आठवड्याला इकडे येतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

आता मुद्द्याचं. निदाचा निकाह हरमच्या पाक मशिदीत इतका साधा आणि सुंदर झाला की माझे डोळे भरून आले. संध्याकाळी माझ्या घरी जेवायला बसलो, तेव्हा तुझे व्याही इस्मतभाई यांनी विचारलं, की रुखसतीला, मुलीच्या पाठवणीला, जे गाणं व्हायचं आहे, ज्याचं निदा एवढं कौतुक करते, ते कुणाचं? साधा, सरळ प्रश्न. आणि तू हातातला घाससुद्धा न थांबवता सांगितलंस, की आमच्या कोकणातलं जुनंच आहे ते, कुणाचं म्हणून नाही. कुणाचं म्हणून नाही! मी त्याच क्षणी ताटावरून उठणार होते. निदाचा मेंदीचा हात माझ्या हातात होता म्हणून गप्प बसले. तो राग अजून उतरलेला नाही.

ते गाणं कुणाचं हे तुला माहीत नाही? अब्बा पहिल्यांदा सौदीला निघाले तेव्हा बोर्लीच्या धक्क्यावर आपण दोघं अम्मीचा पदर धरून उभे होतो. लाँच सुटायला उशीर होता आणि अम्मीचं रडणं थांबत नव्हतं. इस्राएल आळीतून हसकेल मास्तर खांद्यावर पेटी घेऊन आले, खालच्या पायरीवर बसले आणि तिथल्या तिथे गायला लागले:

जाशील तिथं भाकर मिळो, जाशील तिथं सावली
परतायाची वाट तुझी आम्ही नाही पुसली

त्यानंतर गावातून कुणी आखातात निघालं की मास्तर धक्क्यावर हजर. ते गेल्यावर लोकांनीच गाणं उचललं. आज जेद्दाच्या लेबर कॅम्पात कुणाचं फायनल एक्झिट लागलं, कायमचं घरी जायचं ठरलं, की मुलं ते गातात. माझ्या वॉर्डातली केरळची नर्स ते गुणगुणत सलाईन लावते. आणि आपण, ज्यांच्या बापासाठी ते जन्माला आलं, आपण म्हणायचं कुणाचं नाही! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

कारण मला कळतं. मास्तर इस्राएल होते, यहुदी होते, त्यांच्या मशिदीत प्रार्थना म्हणणारे हजान होते. ते इस्मतभाईंना कळलं तर काय होईल, याची तुला धास्ती. पण मला एक सांग, शाळेत तुला स्वतःचं नाव तरी सांगता येत होतं का? हजेरीला श श श करत उभा राहायचास आणि पोरं तुला शिट्टी म्हणायची. कुणी तुला दोन वर्षं ओटीवर बसवून घेतलं? जे बोलता येत नाही ते गाऊन म्हण, असं कुणी शिकवलं? वाण्याकडे जाऊन तू अर्धा किलो गूळ भैरवीत मागायचास, सगळा बाजार हसायचा, आणि मास्तर लांब उभे राहून वाहवा म्हणायचे. ज्या माणसानं तुला बोलता केलं, त्याचं नाव घ्यायला तुझी जीभ उचलत नाही! लाज कशी वाटली नाही तुला?

मास्तरांचा नियम तुला आठवतो. गाण्याआधी कानाची पाळी धरायची आणि शिकवणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्याही गुरूचं घ्यायचं. रहमतुल्ला खाँसाहेबांकडून हसकेल मास्तरांकडे, मास्तरांकडून माझ्याकडे. एवढं झाल्याशिवाय ते पेटीचा भाता उघडू देत नसत. रुखसतीला हे मी म्हणेन, मोठ्याने म्हणेन, मग गाईन. तसं जमणार नसेल तर माझ्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवू नकोस.

तुझ्या बायकोला, अफशाँला सलाम, निदाला खूप प्यार. लोभ आहेच, पण सध्या रागाच्या खाली दबला आहे.
तुझी,
आपा


७८६
अल सुलै, रियाध, १७ नोव्हेंबर २०२५

ती. आपा हिस,
शौकतचा सलाम वि. वि.

तुझं पत्र धोंडीरामने असं दोन्ही हातांनी दिलं, जसं काही कोर्टाचं समन्स. वाचून झाल्यावर तसंच निघालं. वॉर्डातल्या पेशंटना तू अशीच दटावतेस का? बिचारे लवकर बरे होत असतील, घरी पळायला मिळावं म्हणून.

थट्टा पुरे. आपा, मला मास्तर आठवत नाहीत असं तू समजतेस? अजून कुणाशी भांडण झालं, जीभ जड वाटली, की मी मनातल्या मनात सूर धरतो. हे अफशाँलाही माहीत नाही. पण तू माझ्या जागी उभी राहून बघ. इस्मतभाई वाईट माणूस नाही. तिकडच्या लढाईच्या बातम्या लागल्या की तो माणूस जेवण टाकून उठतो. लहान मुलांचे फोटो बघून मी त्याला हुंदके देताना पाहिलंय. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्या सुनेच्या रुखसतीला यहुद्याने रचलेलं गाणं आहे? तो मास्तरांना ओळखत नाही, त्याला फक्त तो शब्द ऐकू येईल. आणि मुलगी त्यांच्या घरात द्यायची आहे, आपा. उद्या तिला कुणी टोमणा मारला तर तिकडे सासरी हुफूफला तिच्या बाजूने बोलायला कोण आहे?

एक संध्याकाळ नाव घेतलं नाही म्हणून मास्तरांचं काय कमी होणार? ते गेले त्याला किती वर्षं झाली. गाणं तर त्यांचंच राहतं ना. ते स्वतः असते तर म्हणाले असते, पोरा, मुलीचं सुख बघ.

कार्यासाठी भाड्याची इस्तिराहा ठरली आहे, आमच्या गोदामापासून जवळच, पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मध्ये पडदा. जेवण हैदराबादी आचाऱ्याचं. तू गाशीलच, हे धरून चाललो आहे. रागावलीस तरी माझी आपाच आहेस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
शौकत


७८६
जेद्दा, २४ नोव्हेंबर २०२५

चि. शौकत यास,
सलाम व दुआ. वि. वि.

मास्तर असते तर काय म्हणाले असते हे तू मला शिकवू नकोस. ते म्हणाले असते की शौकत्या, तुझा सूर खाली आलाय.

बातम्यांचं मला सांगतोस? मी इतकी वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. ते फोटो बघून मलाही घास जात नाही. ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठी माझ्या तोंडून जे निघतं ते नमाजी बाईच्या तोंडी शोभत नाही. पण त्याचा जाब बोर्लीच्या कबरीत झोपलेल्या म्हाताऱ्याला विचारायचा? जो उभ्या आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेला नाही? आळीतली सगळी घरं बंद करून त्याचे लोक तिकडे, यहुद्यांच्या देशात निघून गेले, तेव्हा आपण का जात नाही असं कुणी विचारलं, तर मास्तर म्हणायचे की बोटीत पेटी दमट होईल. तुला पनवेलला नाव ऐकून घर नाकारलं होतं तेव्हा तू महिनाभर धुमसत होतास. दुसऱ्या कुणाच्या पापासाठी मला दार का लावतात, असं तू मला फोनवर विचारत होतास. आता तू तेच दार मास्तरांच्या तोंडावर लावतो आहेस. फरक एवढाच, की ते तुला फोन करून विचारू शकत नाहीत.

त्यांचं यूसुफ नबींचं कीर्तन आठव. आपली माणसं, त्यांची माणसं, कोळीवाडा, सगळे एका सतरंजीवर. भाऊ यूसुफला विहिरीत ढकलतात तिथे मास्तर पेटी बंद करायचे आणि नुसत्या आवाजात म्हणायचे, की भावांनो, वर दोर ठेवून जा. आपल्या अम्मीला दरवेळी रडू फुटायचं. आणि तू विचारतोस की नाव न घेतल्याने काय कमी होणार? त्यांचं काही कमी होत नाही. तुझं होतं. तुझ्या मुलीचं होतं, कारण उद्यापासून तिच्या तोंडात चोरीचं गाणं.

तुझ्या सौदीला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यांच्या नबींच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस बोलून मलिदा केला होता. गोड पोहे, खोबरं, केळी. तू तीन वेळा मागून खाल्लास. गरज सरो, वैद्य मरो.

इस्मतभाईंना तू स्वतः सांग. आधी सांग. माणूस भला असेल तर ऐकून घेईल, आणि ऐकून घेत नसेल तर तो भला आहे असं मला पुन्हा सांगू नकोस.
आपा


७८६
अल सुलै, १ डिसेंबर २०२५

ती. आपा हिस,
सलाम वि. वि.

मार्ग निघाला! आता तरी हसशील. कार्यक्रमाचं कार्ड छापून आलंय, सोबत एक पाठवतो. बघ, गाण्याच्या खाली काय छापलंय: उस्ताद रहमतुल्ला खाँसाहेबांच्या परंपरेतलं. मीच माइकवरून वाचून दाखवणार आहे. इस्मतभाईंना कार्ड फारच आवडलं. खाँसाहेब कुठले, कुणाचे शागीर्द, विचारत होते. मला माहीत होतं तेवढं सांगितलं, थोडं पदरचं घातलं.

तुझ्या नियमातलं एक नाव तरी आलं ना? आणि तेही वरचं. मास्तर स्वतःच्या आधी खाँसाहेबांचंच नाव घेत. त्यांना आनंदच होईल. मला वाटतं यात कुणाचंच मन मोडत नाही.

रुखसती अठरा तारखेला, गुरुवारी जुमेरातीला आहे. तू बुधवारच्या विमानाने ये, मी विमानतळावर येतो. निदाने तुझ्यासाठी तिच्या खोलीत गादी घालून ठेवली आहे. अफशाँने आंबोळीचं पीठ भिजवायचं ठरवलंय, तुझ्या आवडीचं.

आता राग थुंकून टाक.
शौकत


७८६
जेद्दा, ८ डिसेंबर २०२५

चि. शौकत यास, सलाम.

कार्ड मिळालं. फाडलं नाही, कारण त्यावर निदाचं नाव आहे.

शौकत, तू काहीच बोलला नसतास तर मी तुला भित्रा म्हटलं असतं आणि कदाचित आलेही असते, मागे बसले असते. पण हे काय केलंस? रहमतुल्ला खाँसाहेब तुझ्या जन्माआधी वारले. ते काय तुझ्या स्वप्नात येऊन गाणं शिकवून गेले? खाँसाहेब सारंगी घेऊन मुरूडहून पायी यायचे, आणि त्यांना इस्राएलांच्या घरात उतरवून घेतात म्हणून आपल्याच लोकांनी नावं ठेवली होती. त्यांनी एका यहुद्याच्या पोराला विद्या दिली. त्या दोघांच्या मधली गाठ तू कात्रीने कापलीस, आणि मुसलमानाचं नाव तेवढं उचलून व्याह्यांच्या पुढे ठेवलंस. ज्यांनी मास्तरांना शिकवताना जात पाहिली नाही, त्यांच्याच नावाने मास्तरांना घराबाहेर काढलंस! दोघांचाही अपमान एका ओळीत. एवढी अक्कल तुला कुठून सुचली?

आणि वर मी हसावं ही अपेक्षा. मी येणार नाही. गादी उचलून ठेवायला सांग.

निदाला मी हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली नाही असं सांगितलं आहे. तिच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, त्याचाही राग तुझ्यावरच आहे. कॉलेजची दोन वर्षं ती माझ्याकडे होती, तिला मी हे गाणं कान धरून, दोन्ही नावं घेऊन शिकवलं. तिला ओढणी पाठवते आहे, धोंडीरामला जपून न्यायला सांगितलं आहे. तिच्या रुखसतीला मी नसेन, हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. पण तिथे उभी राहून ते कार्ड मी ऐकू शकत नाही. खलास.

अल्लाह तुझ्या घरचं कार्य नीट पार पाडो. हे मनापासून म्हणते.
ताजुन्निसा


७८६
हुफूफ, २१ डिसेंबर २०२५

माझ्या लाडक्या फुफीस,
निदाचा सलाम आणि खूप खूप प्यार.

मराठी चुकलं तर ओरडू नका. माझा नवरा शारीक म्हणत होता की व्हॉइस नोट पाठव, पण मला कळलंय की तुम्ही आणि अब्बा यावेळी कागदावर भांडताय, म्हणून मीही कागदावरच. हो, कळलं. सुट्टीचं खोटं होतं तेही कळलं. अम्मीने तुमची सगळी पत्रं माझ्या सामानात घालून दिली होती, ती मी रुखसतीच्या दुसऱ्या दिवशी वाचली. आधी दिली असती तर मी तुम्हाला आणायला स्वतः जेद्दाला आले असते.

आता काय झालं ते सांगते. जेवणं झाली होती. पडद्यामुळे पुरुषांकडे काय चाललंय ते आम्हाला स्पीकरवरच कळत होतं. मी तुमची ओढणी घेऊन बसले होते. अम्मी आणि बाकीच्या बायका गाण्यासाठी माझ्याभोवती जमल्या. अब्बांचा आवाज आला, नेहमीसारखा, जोक करत. मग ते कार्ड वाचायला लागले. उस्ताद रहमतुल्ला खाँसाहेब, एवढं म्हणाले आणि थांबले.

फुफी, अब्बा कधी थांबत नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ह, ह, ह असा आवाज यायला लागला. मला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक आहे. अम्मी तर धावत पडद्यापर्यंत गेली. पलीकडे शारीकने पाणी आणलं, ते अब्बांनी बाजूला केलं म्हणे. मला तर माहीतही नव्हतं की लहानपणी ते तोतरे होते. कुणीच कधी सांगितलं नाही.

आणि मग ते गायला लागले. मी अब्बांना आयुष्यात गाताना ऐकलं नव्हतं. गाण्याचे शब्द नव्हते, नुसतं नाव होतं, पण त्याच चालीत. रहमतुल्ला खाँसाहेबांचे शागीर्द हसकेल मास्तर वाकरूळकर, इस्राएल आळी, बोर्ली. दोनदा गायले. दुसऱ्यांदा आवाज फाटला होता, तरी पूर्ण केलं. शारीक सांगतो की त्यांचे डोळे मिटलेले होते आणि डावा हात पेटीचा भाता मारावा तसा हलत होता. इकडे माझ्याभोवतीच्या सगळ्या बायकांनी कानाची पाळी धरली, फुफी. श्रीवर्धनच्या, म्हसळ्याच्या, कुठकुठल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, हे गाणं असंच सुरू करतात, का ते आम्हाला माहीत नाही. मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं. मग आम्ही गायलो.

सगळं गोड झालं नाही. सासरे उठून बाहेर गेले, गाड्या लावल्या होत्या तिकडे. निघायच्या वेळी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण अब्बांशी बोलले नाहीत. अजून बोललेले नाहीत. काल इथे चहा घेताना त्यांनी मला विचारलं, की वो मास्टर तुम्हारे अब्बा के क्या लगते थे? मी म्हटलं की अब्बांना त्यांनी बोलायला शिकवलं. त्यावर कप खाली ठेवून म्हणाले की मग त्यांनी मला जेद्दातच सरळ का नाही सांगितलं. ते रागाने म्हणाले की वाईट वाटून, मला अजून त्यांचा चेहरा वाचता येत नाही. पण मी मान खाली घातली नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आणि आता माझा राग. फुफी, तुम्हीही कमी नाही. ज्यासाठी तुम्ही एवढं भांडलात ते झालं आणि ऐकायला तुम्ही नव्हता. अब्बांनी गाणं संपल्यावर पडद्याजवळ येऊन अम्मीला पहिली गोष्ट काय विचारली माहितीये? आपा आली का.

आणखी एक. त्या दिवसापासून अब्बा बोलताना अडखळतात. सगळ्या शब्दांवर नाही, पण अडखळतात. गोदामात कमी बोलतात, मला फोन अम्मीच लावते. तुम्हाला फोन करायला त्यांना लाज वाटते. म्हणाले की आपा हसेल.

माझ्यावर आहे तेवढीच माया त्यांच्यावरही ठेवा.
तुमची,
निदा


७८६
जेद्दा, २४ डिसेंबर २०२५

माझ्या शौकत,
सलाम, दुआ, आणि जे काही बाकी असेल ते सगळं.

मूर्खा, मी हसेन? हसणाऱ्या पोरांना दगड मारत तुझ्यामागे बाजारभर कोण फिरत होतं, ते विसरलास?

निदाचं पत्र मी वॉर्डात उभ्याने वाचलं आणि केरळच्या नर्सला माझ्या पेशंटकडे बघायला सांगून बाहेर गेले. ती पोरगी खरं बोलली. मी तिथे हवी होते. तुझ्यावरचा राग उतरला आहे, आता तो माझ्यावर चढला आहे आणि चांगलाच चढला आहे. माझ्या हट्टापायी मी मास्तरांचं नाव तुझ्या आवाजात ऐकायचं घालवून बसले.

इस्मतभाईंना मीच फोन करणार आहे. तुझी वकिली करायला नाही. मास्तर कोण होते ते सांगायला, सुरुवातीपासून, धक्क्यापासून. ऐकतील तेवढं सांगेन.

आता पत्र लिहू नकोस. धोंडीरामला बरंच पळवलं आपण. फोन कर. मी पहिल्या रिंगला उचलेन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही, तुला कितीही वेळ लागू दे. आणि फारच अडलं, तर तुला माहीत आहे काय करायचं. गूळ मागायचास तसं.

वाट बघते आहे.
तुझी,
आपा